अजून काही सांगायचं असल्यास

सोमवारी सकाळच्या टपालात चौकटीच्या वहीचं एक फाडलेलं पान आलं आणि संस्थेतल्या सगळ्यांचे चेहरे उतरले. पानावर निळ्या शाईत दोनच वाक्यं होती. 'मला यापुढे मोजू नये. माझ्या मुलीलाही मोजू नये.' खाली सही, आणि सहीवरून कोणाला काही कळणार नाही हे ठाऊक असल्यासारखा सहीखाली क्रमांक: अठराशे सत्त्याहत्तर.

हा क्रमांक म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा एक तीस वर्षांचा माणूस. तीस वर्षांपूर्वी, एका वर्षाच्या पहिल्या चार महिन्यांत, शहरातल्या प्रसूतिगृहांत जन्मलेली झाडून सगळी मुलं संस्थेने आपल्या वहीत नोंदवून घेतली होती. दर दोन-तीन वर्षांनी त्यांच्या घरी जायचं. वजन, उंची, दात, झोप, शाळेतले गुण, पुढे नोकरी, लग्न, रक्तातली साखर, सगळं मोजायचं, आणि माणूस कशाने घडतो नि कशाने बिघडतो ते शोधून काढायचं. याला म्हणायचं जन्मगटाचा अभ्यास. काम वाईट नव्हतं. त्यातून दम्याबद्दल दोन चांगल्या गोष्टी जगाला कळल्या होत्या, आणि संचालकसाहेबांना सात परदेश दौरे घडले होते.

साहेब या सगळ्यांना 'आपली मुलं' म्हणत. आपल्या मुलांपैकी बऱ्याच जणांना टक्कल पडू लागलं होतं आणि एकाचा दुसरा घटस्फोट चालू होता, पण साहेबांच्या भाषणात ती अजून रांगत होती.

दहा वाजता बैठक बसली.

"किती उरले?" साहेबांनी विचारलं.

आकडे सांभाळणारी मुलगी हुशार होती आणि संस्थेत नवीन होती, म्हणून खरं बोलायची. "मेलेले आणि परदेशी गेलेले वजा जाता यादीत चार हजार एकशे बारा. त्यातले संपर्कात असलेले कालपर्यंत तीन हजार दोनशे नव्वद. म्हणजे ऐंशी टक्के आणि वर एक शतांश."

"आणि आज?"

"एकोणऐंशी पूर्णांक नव्व्याण्णव."

"म्हणजे ऐंशीच की!"

"अशा अभ्यासांच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या फॉर्मवर दोन दशांश स्थळं मागतात, सर."

साहेबांचा चेहरा पडला. ऐंशीच्या वर असलेले अभ्यास पहिल्या श्रेणीत बसायचे. खाली गेलेल्यांना परिषदेत जेवणानंतरची, लोक पेंगतात ती वेळ मिळायची. साहेब सहा वर्षांपूर्वी आले तेव्हापासून ऐंशी हा एकच आकडा त्यांच्या तोंडी होता, म्हणून कर्मचारी त्यांना पाठीमागे ऐंशीसाहेब म्हणत.

मग एका माणसाला परत आणण्यासाठी अख्खी संस्था कंबर कसून उठली. संपर्क विभागाने त्याच्या फोनवर अस्वलाच्या पिल्लाचं चित्र पाठवलं: 'तुमच्याशिवाय आपलं कुटुंब अपुरं आहे.' उत्तर आलं, 'थांबवा.' मग उपसंचालक स्वतः पुष्पगुच्छ घेऊन तो काम करत होता त्या नऊ मजली इमारतीत गेले. तो लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला होता. उपसंचालकांनी पहिल्या मजल्यावरच्या उघड्या दारातून आत तोंड घालून वीस मिनिटं विज्ञानाचं महत्त्व सांगितलं. खालून एकदा "बाजूला व्हा" असा आवाज आला, तेवढाच काय तो संवाद. गुच्छ वॉचमनकडे ठेवून ते परतले आणि अहवालात लिहिलं: 'प्रत्यक्ष भेट झाली. प्रतिसाद संमिश्र.'

हे सगळं झाल्यावर साहेबांना ताई आठवल्या.

ताई म्हणजे घरोघर जाऊन मोजमाप करणाऱ्या बाई. मुलं चार वर्षांची असताना त्या नोकरीला लागल्या, आणि आता निवृत्तीला आठ महिने उरले होते. वजनकाटा, उंचीची पट्टी, रक्तदाबाचा पट्टा आणि फुंकायची नळी असलेली काळी पेटी घेऊन त्यांनी सव्वीस वर्षं जिने चढले होते. गुडघे गेले, पेटी तीच राहिली. पहिल्या दिवशी प्रशिक्षणात तेव्हाच्या संचालकांनी त्यांना बजावलं होतं, "आपण आरसा आहोत. आरसा कधी कोणाचे केस विंचरतो का? फक्त बघायचं. हात लावलात की आकडे बिघडले." ताईंनी ते मनावर घेतलं होतं. इतकं, की रस्त्यात कोणी मूल रडताना दिसलं तरी त्यांना आधी त्याचं वय किती असेल ते सुचायचं.

शनिवारी दुपारी त्या लिफ्टवाल्याच्या घरी गेल्या. दार त्याच्या बायकोने उघडलं. ती पोहायला शिकवायची. केस अजून ओले होते. खांद्यावर चार महिन्यांची मुलगी होती. सहा किलो, फार तर सव्वासहा, ताईंच्या मनात आपोआप आलं, आणि त्या स्वतःवरच चिडल्या.

"या ताई," तो आतून म्हणाला. "तुम्हाला पाठवलं म्हणजे त्यांचं सगळं करून झालेलं दिसतंय."

"म्हटलं, पुष्पगुच्छ कसा होता ते तरी विचारून यावं."

"वॉचमनच्या बायकोला आवडला."

दोघं हसले. चहा आला. ताईंनी पिशवीतून फॉर्म काढला. "हे बघ, सोडायचं तर सोड. तुझा हक्क आहे तो. मी मनधरणी करणार नाही. मला फक्त कारण लिहावं लागतं. पाच आहेत. वेळ नाही, रस नाही, स्थलांतर, प्रकृती, इतर."

"इतर."

"इतरच्या पुढे एक ओळ दिलीये."

"ओळींवर माझा भरवसा नाही राहिला, ताई."

तो उठला, खिडकीशी गेला, परत येऊन बसला. मग सरळ बोलायला लागला. "चौदाव्या वर्षीची प्रश्नावली आठवते? आमची आम्ही भरायची, बंद पाकिटात घालायची. तुम्ही म्हणाला होतात, आईवडील बघणार नाहीत, मीसुद्धा बघणार नाही, मनमोकळं लिही. शेवटच्या पानावर होतं, 'अजून काही सांगायचं असल्यास.' खाली बारा ओळी. मी बारा ओळी लिहिल्या. मग पान उलटून मागेही लिहिलं."

"काय लिहिलं होतंस?"

"बाबा पट्ट्याने मारायचे ते. तारखांसकट. तुम्हीच सांगायचात ना, तारीख नसली तर ती नोंदच नाही."

त्याच्या बायकोने मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. तिला हे नवीन नव्हतं.

"मग वाट बघितली," तो म्हणाला. "दीड महिना. जिन्यात बूट वाजले की वाटायचं, आले. एक दिवस संस्थेचं पाकीट आलं. मी संडासात कडी लावून उघडलं. आत कंपासपेटी होती. आणि तुमचं वार्तापत्र. 'तुम्हाला माहीत आहे का? तुमच्यापैकी बासष्ट टक्के मुलांना आंबट आवडतं!'"

ताईंनी कप खाली ठेवला. "अरे, मग एवढी वर्षं येत कसा राहिलास?"

"आई म्हणायची, चांगली माणसं आहेत, डोळे फुकट तपासतात. आणि मला वाटायचं, पुढच्या खेपेला कोणीतरी विषय काढेल. तेविसाव्या वर्षी तुम्ही विचारलंत, आठवड्यातून फळं किती वेळा खातोस."

"आणि... ते थांबलं कधी?"

"मी त्यांच्यापेक्षा उंच झालो तेव्हा. तारीख तुमच्याकडे असेल. उंची तुम्हीच मोजलीत." त्याने मुलीकडे बोट दाखवलं. "आता हिच्या नावाने पत्र आलं. 'नव्या पिढीचं स्वागत असो.' मला एवढंच सांगा ताई, ते पान कोणी वाचलं का?"

"बघते," ताई म्हणाल्या. सव्वीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं, नुसतं बघितलं होतं, हे त्यांना जिना उतरताना सुचलं.

संस्थेच्या तळघरात रेकॉर्डवाले काका बसत. त्यांच्याकडे कोणी फिरकत नसे, त्यामुळे ताईंना बघून त्यांनी आधी कोणीतरी वारलं का असं विचारलं. अठराशे सत्त्याहत्तरची फाइल दहा मिनिटांत सापडली. पाकीट कापलेलं होतं. म्हणजे कोणीतरी उघडलं होतं. ताई उभ्या उभ्या वाचायला लागल्या, मग स्टूल ओढून बसल्या. अक्षर गोल आणि फार नीट होतं, वर्गपाठ लिहावा तसं. अकरा तारखा होत्या. पानाच्या समासात कोणीतरी लाल पेन्सिलीने संकेतांक घातला होता: ९७, म्हणजे 'इतर, वर्गीकरण आवश्यक नाही'. आणि त्याखाली बारीक अक्षरांत, छपाई विभागासाठी सूचना: 'पुढच्या फेरीत ओळी कमी ठेवाव्यात. मुलं फार लिहितात.'

"पुढच्या फेरीत दोन ओळी होत्या," काका म्हणाले. "मला आठवतं. कागद वाचला म्हणून तेव्हाचे साहेब खूश होते."

ताईंनी पान उलटलं. मागच्या बाजूला शेवटचं वाक्य होतं: 'मी खोटं सांगत नाही. मोजमापवाल्या ताईंनी अकराव्या वर्षी माझा हात बघितला आहे. त्यांना विचारा.'

अकराव्या वर्षीचा तक्ता त्याच फाइलमध्ये होता, ताईंच्याच अक्षरात. 'डाव्या दंडावर जुने वळ. मुलगा म्हणतो, सायकल.' सायकलवरून पडल्यावर खरचटतं. एकमेकांशेजारी आखल्यासारखे चार वळ उठत नाहीत. हे ताईंना तेव्हाही कळत होतं. म्हणून तर त्यांनी 'सायकल' असं नुसतं न लिहिता 'मुलगा म्हणतो' असं लिहिलं होतं. त्या दोन शब्दांनी त्यांनी आपले हात धुऊन घेतले होते आणि पुढच्या घरी गेल्या होत्या.

फाइल घेऊन त्या तडक साहेबांच्या खोलीत शिरल्या. साहेबांनी पान वाचलं. त्यांचा रंग आधी उडाला, कारण त्यांना डोळ्यांसमोर वकील दिसला. तारीख बघून परत आला, कारण तेव्हा ते दुसऱ्या संस्थेत होते.

"फार दुःखद," ते म्हणाले. "फार. अशी लिहिलेली पानं आणखी आहेत का हो?"

"काका म्हणतात, सहाशे अकरा."

"आणि वाचली कोणीच नाहीत?"

"सगळ्यांवर सत्त्याण्णव घातलेत."

साहेब खुर्चीत पुढे सरकले. डोळे चमकले. "ताई, तुम्हाला कळतंय का ही केवढी खाण आहे? सहाशे अकरा मुलांचं स्वतःच्या शब्दांतलं लेखन! कोणी हातसुद्धा लावलेला नाही! संगणकाकडून शब्द मोजून घेता येतील. 'आनंद' किती वेळा, 'भीती' किती वेळा."

"साहेब, त्याला त्याचं पान हवंय. निदान झेरॉक्स."

"अवश्य. सहभागी व्यक्तीने नैतिकता समितीकडे अर्ज करायचा."

"तो आता सहभागी नाही."

"मग त्याला अर्ज करता येणार नाही," साहेब खेदाने म्हणाले. "त्याने आधी परत यावं. ऐंशीही होतील आणि अर्जही करता येईल."

आकडेवाली मुलगी सह्या घ्यायला आली होती, ती दारातच थांबली होती. तिला काही तरी चांगलं करावंसं वाटलं असावं, कारण ती म्हणाली, "सर, त्याच्या मागे लागायची गरजच नाही. बेपत्ता असलेल्यांपैकी एक जण जरी मेलेला निघाला, तरी तो यादीतून वजा होतो. चार हजार एकशे अकरा. भागाकार केला तर बरोबर ऐंशी येतात."

साहेबांनी तिच्याकडे असं बघितलं, जसं बाप पहिल्या नंबराने पास झालेल्या लेकीकडे बघतो.

दुसऱ्या दिवसापासून संस्थेत कोणाला मान वर करायला फुरसत नव्हती. आठशेवर बेपत्ता माणसांची नावं गावोगावच्या मृत्युनोंदींशी ताडून पाहायचं काम सुरू झालं. ज्यांना जिवंतपणी शोधायला कधी कोणाला वेळ मिळाला नव्हता, त्यांच्यासाठी तीन संगणक आणि दोन शिपाई दिले गेले. जेवणाच्या सुट्टीत लोक एकमेकांना विचारायचे, "मिळालं का कोणी?" एक जण जवळपास मेलेला निघाला होता, पण चौकशी केली तर तो त्याचा चुलतभाऊ. साहेब दिवसभर खिन्न होते.

त्याच गडबडीत बुधवारी ताईंनी फाइलमधलं पान काढलं, काळ्या पेटीत ठेवलं आणि लिफ्टवाल्याच्या घरी नेऊन दिलं. झेरॉक्स नाही, मूळ पान.

त्याने ते वाचलं नाही. दोन्ही बाजू फक्त बघितल्या, लाल पेन्सिलीवर अंगठा फिरवला.

"उघडलं होतं," ताई म्हणाल्या. "वाचलं म्हणता येणार नाही. आणि तू लिहिलंयस, ताईंना विचारा. मला कोणी विचारलं नाही. पण विचारायला कशाला हवं होतं? मला तेव्हाच कळलं होतं."

"माहीत आहे."

"तुला कसं माहीत?"

"दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधताना तुमचा हात थांबला होता. मला वाटलं, आता विचारतील. मी सायकल म्हटलं ते तुम्ही खोदून विचारावं म्हणून. तुम्ही म्हणालात, 'श्वास नेहमीसारखा घे.'"

ताईंना रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण ते येईना. शेवटी त्या म्हणाल्या, "माझं चुकलं."

"हो," तो म्हणाला. मग त्याने मुलीला बायकोकडून घेतलं आणि ताईंना दारापर्यंत सोडायला आला. "लिफ्टने नका जाऊ. या इमारतीची दुसरी कंपनी बघते. जिन्याने जा, सावकाश."

फॉर्मवर ताईंनी 'इतर'च्या पुढे लिहिलं: 'लिहिलेलं वाचलं नाही म्हणून.' ओळ पुरली.

शुक्रवारी बातमी आली. क्रमांक दोन हजार नऊशे सहा, सातव्या वर्षानंतर बेपत्ता, चार वर्षांपूर्वी एका दूरच्या गावात ट्रक उलटून वारला होता. दाखल्याची प्रत मिळाली. साहेबांच्या जिवात जीव आला. तिसऱ्या प्रहरी मोठ्या टेबलावर केक आला. त्यावर पांढऱ्या क्रीमने ऐंशीचा आकडा काढला होता. उपसंचालकांनी दोन शब्द सांगितले. 'आपलं एक मूल' असं म्हणताना त्यांचा आवाज दाटला, आणि टाळ्या पडल्या. ताईंना आठवलं, हा मुलगा फुंकायच्या नळीतून शिट्टी वाजवायचा आणि मोजणी तीन तीनदा करायला लागायची. त्यांनी केक घेतला नाही. आकडेवाल्या मुलीने घेतला होता, पण तो बशीत तसाच ठेवून ती बाहेर निघून गेली.

सोमवारी ताईंना 'कारणे दाखवा' नोटीस मिळाली. दप्तरातील मूळ कागद बाहेर नेला, माहितीचा साठा अपूर्ण झाला, सहाशे अकराचे सहाशे दहा झाले. ताईंनी उत्तरात कारणं दाखवली, सगळी, तारखांसकट. ते उत्तर कोणी वाचलं असेल असं वाटत नाही, कारण चौकशी तीन दिवसांत संपली आणि शिक्षा झाली: घरभेटी बंद, निवृत्तीपर्यंत बदली तळघरात, काकांच्या हाताखाली. काळी पेटी जमा करून घेतली.

नैतिकता समिती संगणकाला शब्द मोजू द्यावेत का यावर उपसमिती नेमायच्या विचारात होती. तोवर ताईंनी पानं वाचायला घेतली. रोज पंधरा-वीस. बहुतेक पानांवर मुलंच होती, जशी असतात तशी. 'पेन्सिल चांगली द्या.' 'मला अजून उंच व्हायचंय, काही उपाय?' 'माझा भाऊ माझ्या जागी बसून उत्तरं देतोय.' 'ताईंच्या मोज्याला भोक आहे.' ताई एकट्याच हसायच्या आणि काका चष्म्यावरून बघायचे. पण सहाशे दहांतली अठरा पानं तशी नव्हती. ती त्यांनी बाजूला काढली आणि अठरा पत्ते आपल्या वहीत उतरवले.

नवऱ्याने वही बघितली. घड्याळं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेला माणूस, त्याला नियमाबाहेरची टिकटिक लगेच ऐकू यायची. "अगं, पाच महिने राहिलेत. आता कशाला अंगावर ओढवून घेतेस?"

"अठराच आहेत."

"आणि जाऊन सांगणार काय? सोळा वर्षांनी?"

"वाचलं म्हणून सांगणार. पुढचं मला नाही माहीत."

त्याने भिंग खाली ठेवलं. "बरं. गाडी मी चालवतो. तुला पत्ते सापडत नाहीत."

सव्वीस वर्षं पत्ते शोधून पोट भरलेल्या बाईने हे ऐकून घेतलं, कारण गुडघे दुखत होते.

पहिला पत्ता एका टपाल कार्यालयाचा होता. क्रमांक तीनशे दोन तिथे नोंदणीच्या खिडकीवर बसायची. नवरा गाडीत थांबला. ताई रांगेत उभ्या राहिल्या, पुढे सात माणसं, मागे चार. त्यांनी मनात वाक्यं जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. नंबर आला.

"रजिस्टर की पार्सल?" तिने मान वर न करता विचारलं.

"काही पाठवायचं नाहीये. मी संस्थेतली. मोजायला यायचे ती." ताईंचा आवाज त्यांना स्वतःलाच अनोळखी वाटला. "तुम्ही चौदा वर्षांच्या असताना शेवटच्या पानावर लिहिलं होतंत. तुमच्या मामांबद्दल. मी ते वाचलं. फार उशिरा वाचलं. पण वाचलं."

तिच्या हातातला शिक्का तसाच हवेत राहिला. तिने ताईंकडे बघितलं, मग त्यांच्या मागच्या भिंतीकडे, मग पुन्हा ताईंकडे.

"सगळं?"

"सगळं. तीनदा."

तिने शिक्का खाली ठेवला, 'खिडकी बंद आहे' ही पाटी काचेला लावली आणि खुर्चीवरून उठली.

"अहो बाई, हे काय!" मागचा माणूस ओरडला. "अर्धा तास झाला मी रांगेत उभा आहे!"

"मी सोळा वर्षं," ती म्हणाली आणि ताईंना आत यायला तिने लाकडी फळी वर उचलली.